लग्नाची वेबसाइट कशाला हवी? इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरात लग्न निघालं की निम्मे पाहुणे बाहेरगावचे असतात. पुण्याची आत्या, नाशिकचे मामा, नागपूरची चुलत घरं, शिवाय परदेशात गेलेली भाचरं. दुसरी बाजू कधी मराठी असते, कधी माळव्यातली. अशा लग्नासाठी एखादी साधी वेबसाइट करू या म्हटलं की घरातून जे प्रश्न येतात, ते इथे उत्तरांसकट दिले आहेत. काही उत्तरांत माझी मतं आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

लग्नाची वेबसाइट म्हणजे नक्की काय? पत्रिकेचा फोटो तर आम्ही पाठवतोच.

पत्रिकेचा फोटो एकदा पाठवला की तो तुमच्या हातातून सुटला. नंतर वेळ बदलो, लग्नाचं गार्डन बदलो, जुना फोटो फॉरवर्ड होतच राहतो आणि मावसभावाच्या सासऱ्यांना नेमका तोच मिळतो. वेबसाइटला एक कायमचा पत्ता असतो. तिथला मजकूर तुम्ही बदललात की पुढच्या क्षणी लिंक उघडणाऱ्या प्रत्येकाला नवा मजकूर दिसतो.

त्या पानावर कार्यक्रम आणि वेळा, जागेचा नकाशा, इंदूरला पोचायचं कसं, राहायची सोय, कोणाला फोन करायचा, आणि येताय की नाही ते कळवायचा छोटा फॉर्म एवढं असलं की झालं. उलटी धावणारी घड्याळं, पडणाऱ्या पाकळ्या, आपोआप सुरू होणारी सनई हे सगळं हौसेचं. सनई तर नकोच. ऑफिसात गुपचूप लिंक उघडणाऱ्याची पंचाईत होते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरत नाही का?

ग्रुपवर सकाळी टाकलेली वेळ दुपारी अभिनंदनाच्या फुलांखाली गाडली जाते आणि संध्याकाळी कोणीतरी विचारतंच, "हळद किती वाजता?" ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच निरोप यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायच्या सोयीची, गंमत वेगळी आहे. त्या यादीत २५६ जणच घेता येतात, आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. वडिलांच्या निवृत्त सहकाऱ्यांकडे नवऱ्यामुलाचा नंबर असायचं काही कारण नाही. मुलगा म्हणतो पाठवलं, ते म्हणतात आलंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप लिंक पोचवायला वापरा आणि माहिती पानावर ठेवा. ग्रुपमध्ये लिंकचा मेसेज पिन करून टाका.

लिंक पाठवली म्हणजे आमंत्रण झालं का?

नाही, आणि या बाबतीत मी जुन्या वळणाचा आहे. पहिली पत्रिका देवाला. कुलदैवताला तर खरीच, शिवाय इंदुरात बऱ्याच घरांतून ती खजराण्याच्या गणपतीपुढेही ठेवली जाते. मग अक्षत घेऊन थोरल्यांच्या घरी. जे लांब आहेत त्यांना आई-वडिलांचा फोन, आणि त्या फोननंतर लिंक: "काका, काल बोलणं झालं त्याप्रमाणे गाड्या, राहणं, वेळा सगळं इथे लिहिलंय." क्रम उलटा झाला तर काका येतीलही, पण "आम्हाला ढकलपत्र आलं होतं" हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

पत्रिका छापायचीच. फरक इतकाच की तिच्यावर सगळं कोंबावं लागत नाही. देवक, मुहूर्त, निमंत्रक, स्थळ एवढंच सुटसुटीत छापा आणि खाली एका कोपऱ्यात क्यूआर कोड द्या. त्यासाठी दोन सूचना. मरून कागदावर सोनेरी फॉइलमध्ये कोड छापू नका, चकाकीमुळे तो बऱ्याच फोनना वाचता येत नाही. पांढऱ्यावर काळा, निदान दोन सेंटीमीटरचा असावा, आणि प्रूफ आल्यावर घरातल्या सगळ्यांत जुन्या फोनने तपासून बघा. दुसरं, फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइट पाहुण्याला आधी स्वतःकडे नेतात आणि मग तुमच्या पानावर सोडतात. चाचणीची मुदत संपली की असा कोड मेला, आणि पत्रिका तर वाटून झालेल्या. तुमचा पत्ता थेट ज्यात भरलेला असतो तो कोड क्रोम ब्राउझरमध्येच करता येतो. तो वापरा.

बाहेरगावच्या पाहुण्यांना याचा खरा उपयोग काय?

सगळ्यात मोठा उपयोग त्यांनाच. इंदूरकराला काहीच सांगावं लागत नाही. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला मात्र पहिला प्रश्न पडतो तो तिकिटाचा.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलतं. लग्नसराईत चांगल्या गाड्या खुलल्या खुलल्या भरतात. म्हणजे "कोणत्या कार्यक्रमापर्यंत पोचायला हवं" हे पाहुण्याला त्या दिवसाच्या आधी माहीत पाहिजे. सीमांत पूजन आदल्या संध्याकाळी असेल तर पाहुणा वेगळ्या तारखेचं तिकीट काढेल, नुसता मुहूर्त गाठायचा असेल तर वेगळ्या. पत्रिका हातात पडेपर्यंत ही वेळ बहुधा गेलेली असते. वेबसाइटवर तारीख आणि कार्यक्रमांचा आराखडा तीन महिने आधीच टाकता येतो.

मग गावागावाप्रमाणे दोन-दोन ओळी लिहा. मुंबईकरांसाठी अवंतिका एक्स्प्रेस: मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटते, सकाळी इंदुरात. वाटेत उज्जैन आधी लागतं, तेव्हा महाकालाचं दर्शन उरकून यायचं असेल तर तिथेच उतरता येईल. पुण्याहून थेट गाडी आहे, पण ती सुरत, वडोदरा, रतलाम असा गुजरातेतून वळसा घेऊन येते. नकाशात इंदूर सरळ वर दिसतं म्हणून वेळेचा अंदाज चुकतो. (मनमाड–इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आहे. तो होईल तेव्हा होईल, तुमच्या लग्नाला त्याचा उपयोग नाही.) नागपूरकरांसाठी भोपाळमार्गे वंदे भारत आहे. नाशिक-धुळ्याहून गाडीने येणाऱ्यांना शिरपूर, सेंधवा, खलघाटाचा नर्मदेवरचा पूल असा सरळ जुना आग्रा रोड. विमानाने येणाऱ्यांना देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. मुंबई, पुणे, नागपूर तिन्हीकडून थेट विमानं आहेत. गाड्यांच्या वेळा पानावर लिहू नका, त्या बदलतात. गाडीचं नाव पुरे.

इंदूर जंक्शन आणि लक्ष्मीबाई नगर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, हेही लिहा. न्यायला येणारा भाऊ एका ठिकाणी आणि आत्या दुसऱ्या ठिकाणी, असं व्हायला नको.

आणि थंडी! डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरू शकतो आणि रिसेप्शन असतं उघड्या लॉनवर. मुंबईची मंडळी शिफॉनच्या साडीत येतात आणि शेगडीपाशी उभी राहतात. "शाल, स्वेटर आणा, लहान मुलांना टोपी" ही ओळ ठळक करून टाका.

जागेचा पत्ता पत्रिकेवर असतो. वेबसाइटवर वेगळं काय?

"बायपासजवळ" हा पत्ता नाही. इंदूरचा बायपास लांबच लांब आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मॅरेज गार्डनं लागलेली आहेत, त्यांतली काही एकमेकांच्या नावांशी जुळणारी. सर्व्हिस रोडचा फाटा चुकला की पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं.

पानावर नकाशाची लिंक द्या, पण ती गार्डनचं नाव शोधून आलेली नको. प्रत्यक्ष फाटकापाशी उभं राहून पिन टाका आणि तिथून घ्या. सोबत गूगल नकाशातला प्लस कोड लिहा. त्या छोट्या कोडने नावाचा घोळ होत नाही, रिक्षावाल्यालाही तो टाकता येतो. लाइव्ह लोकेशन पाठवणारे असतात. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि पाठवणाऱ्याबरोबर फिरतं. नवरदेवाचा भाऊ फुलं आणायला गेला की पाहुणेही त्याच्यामागे फुलबाजारात.

पार्किंग कोणत्या फाटकाने, आणि व्हीलचेअर आत नेता येते का, या दोन ओळी कोणी लिहीत नाही. लिहा.

मुलगी मराठी, मुलगा माळव्यातला. दोन्हीकडच्या पाहुण्यांना कार्यक्रम कसे समजावायचे?

माझ्या मते हा भाग एकटा असला तरी वेबसाइटचे कष्ट वसूल होतात.

आपल्याकडे मुहूर्त मिनिटावर असतो. पत्रिकेवर "दुपारी १२ वाजून १७ मिनिटांनी" लिहिलं असेल तर सव्वाबाराला अंतरपाट धरलेला असतो, आणि १२.३० ला येणाऱ्याला जेवण मिळतं पण लग्न मिळत नाही. तिकडे बारात रात्री निघते, घोडी आणि बँडसमोर नाचता नाचता दारात पोचायला उशीर होतो, वरमाला होते, जेवणं होतात आणि फेरे मध्यरात्रीकडे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एका पत्रिकेवर "विवाह" एवढंच छापलं की मराठी काकू दुपारी येऊन बसतात आणि त्यांच्याकडचे फूफाजी रात्री नऊला येऊन विचारतात, लग्न झालंसुद्धा?

पानावर प्रत्येक कार्यक्रमासमोर चार गोष्टी लिहा: खरी वेळ, कुठे, कोणी यावं असं अपेक्षित आहे, आणि नंतर जेवण आहे की चहा-फराळ. ग्रहमख आणि देवक घरच्यांपुरतं, हळद जवळच्यांसाठी, मुहूर्त आणि रिसेप्शन सगळ्यांसाठी, हे स्पष्ट लिहिल्याने कोणाचा मान कमी होत नाही. उलट "आम्हाला बोलावलं नाही" की "आम्ही जायचं होतं का" हा घोळ टळतो. बारातीची वेळ लिहिताना "निघणार" आणि "पोचणार" वेगळं लिहा आणि दुसऱ्या आकड्याला "अंदाजे" जोडायला लाजू नका.

विधींची ओळख दोन-दोन वाक्यांत द्या. त्यांच्या पाहुण्यांसाठी: अंतरपाट म्हणजे काय, मंगलाष्टकं चालू असताना अक्षता मूठभर एकदम उधळायच्या नाहीत, प्रत्येक "शुभमंगल सावधान"ला थोड्या थोड्या टाकायच्या, आणि कानपिळीत नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो तेव्हा ते भांडण नसतं. आपल्या पाहुण्यांसाठी: दारातलं तोरण मारणं काय असतं, वरमाला झाली म्हणजे लग्न लागलं असं नाही, फेरे अजून व्हायचेत. हा मजकूर लिहायला आजी आणि त्यांच्या घरातल्या दादीजी यांना बसवा. दोघींना सांगायला आवडतं, आणि लग्नाआधीच दोन घरांच्या बायकांची गाठ पडते.

येणार की नाही, हे लोक खरंच फॉर्म भरून कळवतात?

तरुण मंडळी कळवतात. बाकीचे "बघतो, जमवतो" म्हणतात, आणि आपल्यात याचा अर्थ होकार, नकार, सहकुटुंब की एकटे, काहीही होऊ शकतो. म्हणून फॉर्ममध्ये "येणार का?" असं नुसतं विचारू नका. "कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीने पोचताय? न्यायला येऊ का?" असं विचारा. यात पाहुण्याचा फायदा असतो, त्यामुळे उत्तर येतं, आणि आकडा तुम्हाला आपोआप मिळतो. "अजून नक्की नाही" हाही पर्याय ठेवा. त्या यादीला लग्नाच्या पंधरा दिवस आधी घरातल्या गोड बोलणाऱ्या माणसाने फोन करायचे.

केटरर प्लेटच्या हिशेबाने बोलतो, म्हणून कार्यक्रमवार आकडा महत्त्वाचा. सगळ्यांची मिळून एकच संख्या असली तर हळदीला अन्न उरतं आणि मुहूर्ताला कमी पडतं. जेवणाबद्दल एकच प्रश्न विचारा. माळव्यात जैन पाहुणे बरेच असतात. कांदा-लसूण आणि कंदमुळं नको असलेले किती, ते आधी कळलं तर त्यांची वेगळी सोय नीट लागते. आणि लग्नाच्या तारखेला एकादशी किंवा चतुर्थी आहे का ते पंचांगात बघा. असेल तर फॉर्ममध्ये "उपवास" हा खण हवाच. साबुदाण्याची खिचडी ऐन वेळी शंभर जणांची होत नाही.

पाच प्रश्नांच्या वर जाऊ नका.

ज्येष्ठांना वेबसाइट कशी जमणार?

त्यांना जमवायची गरजच नाही. प्रत्येक ज्येष्ठाच्या घरात एक नातवंड असतं. पण पानावर अगदी वर एक फोन नंबर मोठ्या अक्षरांत असू द्या, दाबला की थेट लागेल असा, आणि तो नवरा-नवरीचा नको. अक्षरं मोठी, पांढऱ्यावर काळी. फिकट गुलाबीवर सोनेरी अक्षरं फोटोत सुंदर दिसतात, मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला दिसत नाहीत.

मराठीत करायची, हिंदीत की इंग्रजीत?

मराठी आणि हिंदी, एकाखाली एक. इंग्रजीचं पान परदेशी मित्रांपुरतं, दोन परिच्छेदांचं. मशीनने भाषांतर करून विधींची नावं टाकू नका, वाचून हसू येतं.

एक तांत्रिक अडचण नक्की येणार आहे. प्रेसवाला पत्रिकेचा मजकूर देतो तो बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. तो उचलून वेबसाइटवर चिकटवला की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, आणि मग एकदा शब्दन् शब्द वाचा, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं सटकतात. आजोबांच्या नावातला रफार गेला तर ते पत्रिका नाही, वेबसाइट नाही, फक्त रफार बघतील. "मुक्त" किंवा "बालू" हे मोफत फॉन्ट मराठी मजकुराला चांगले आहेत.

लोक आजकाल लग्नाच्या लिंकला घाबरतात. आमची लिंक उघडतील का?

त्यांनी घाबरावंच, कारण लग्नपत्रिकेच्या नावावर फसवणूक खरोखर होते. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरावरून "लग्नाचं आमंत्रण" म्हणून एपीके फाइल येते. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. इन्स्टॉल केलं की फोनमधले मेसेज वाचून बँकेचे ओटीपी उचलू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशच्या सायबर पोलिसांनी याबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि नंतर इतर राज्यांतूनही तसे इशारे आले.

यावरून यजमानाने काही गोष्टी पाळायच्या. लिंक घरच्यांच्या ओळखीच्या नंबरावरूनच पाठवायची, फोनवर बोलणं झाल्यावर. पत्ता छोटा करणाऱ्या सेवा वापरू नका, त्यात कुठे जातोय ते दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की खाली जो मथळा आणि फोटो येतो, त्यात दोन्ही घरांची आडनावं नीट दिसतात का ते बघा. आणि पानावर स्पष्ट लिहा: "या वेबसाइटसाठी काहीही डाउनलोड किंवा इन्स्टॉल करावं लागत नाही. आम्ही ओटीपी, आधार किंवा बँकेची माहिती कधीही मागणार नाही."

कोणा नातेवाइकाने तशी खोटी फाइल उघडलीच असेल, तर फोनचं इंटरनेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार द्यायची. लवकर दिली तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

घरची माहिती अशी उघड्यावर टाकणं बरं का?

सगळी नाहीच टाकायची. घराचा पूर्ण पत्ता आणि "अमुक दिवशी सगळं घर गार्डनवर" ही वेळापत्रकं एकाच पानावर असली की चोराला निमंत्रण दिल्यासारखं होतं. घरच्या कार्यक्रमाचा पत्ता त्या पाहुण्यांना वेगळा पाठवा. कोणाला कोणती खोली दिली तेही पानावर नको. पाहुण्यांचे नंबर, लहान मुलांचे नावानिशी फोटो, नवरा-नवरीच्या पूर्ण जन्मतारखा, यांतलं काही लिहू नका. गूगल साइट्सवर पान प्रकाशित करताना सर्च इंजिनांनी ते दाखवू नये अशी विनंती करायचा पर्याय असतो, तो निवडा. त्याने पान गुप्त होत नाही, पण नाव शोधणाऱ्या कोणाच्याही हाती सहज पडत नाही.

आहेरासाठी यूपीआयचा क्यूआर टाकायचा का?

माझं मत: नको. "आपली उपस्थिती हाच आमचा आहेर" असं पत्रिकेवर छापायचं आणि वेबसाइटवर क्यूआर चिकटवायचा, हे विचित्र दिसतं. शिवाय त्या पानाची नक्कल करून स्वतःचा कोड लावणं कोणालाही सोपं जातं. ज्यांना द्यायचंच आहे ते मामा-मावश्या विचारून देतात.

खर्च किती? आणि करणार कोण?

गूगल साइट्स आणि गूगल फॉर्म दोन्ही मोफत. घरातलं कॉलेजला जाणारं कोणीही दोन संध्याकाळींत करू शकेल. स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला तर वर्षाला काही शे रुपयांपासून पुढे, पण त्याची गरज नाही. फक्त खात्याचा पासवर्ड एकट्या नवरदेवाकडे ठेवू नका. लग्नाच्या दिवशी त्याच्या अंगावर उपरणं असतं, हातात फोन नसतो. संपादनाचा अधिकार दोन्ही घरांतल्या एकेकाला द्या.

ऐन वेळी काही बदललं तर?

पानाच्या अगदी वर "शेवटचा बदल: तारीख आणि वेळ" अशी ओळ ठेवा. बदल झाला की आधी पान दुरुस्त करा, मग ग्रुपवर एकच वाक्य: "रिसेप्शनची वेळ बदलली आहे, पानावर बघा." नवी वेळ मेसेजमध्ये लिहू नका, नाहीतर तोही मेसेज जुना होऊन फिरायला लागतो. लग्नाच्या आदल्या दिवशी मोठे बदल फोननेच कळवायचे. गाडीत बसलेला माणूस वेबसाइट बघत नाही.

पाहुण्यांना इंदूर बघायचं असतं. तेही लिहायचं?

लिहाच. हे लिहिताना घरातल्या सगळ्यांचं एकदम मत असतं. सकाळी पोहे-जलेबी, पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला. संध्याकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली. आणि राजवाड्यालगतचा सराफा: दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती रात्री बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या, मध्यरात्र उलटेपर्यंत. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याची पॅटिस, आणि हिवाळ्यात गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद. पाहुण्यांना एवढंच बजावा की सराफ्याला रिसेप्शनच्या रात्री जेवून जायचं नाही. आधीची रात्र राखून ठेवायची.

एक दिवस जास्त असेल तर उज्जैन साधारण ५५ किलोमीटर. महाकालाच्या पहाटेच्या भस्म आरतीला आगाऊ नोंदणी लागते, हे पानावर नसेल तर पाहुणे मध्यरात्री निघतात आणि बाहेरूनच परततात. महेश्वर नव्वदेक किलोमीटर: अहिल्याबाईंचा किल्ला, नर्मदेचा घाट, आणि माहेश्वरी साड्या. आपल्या बायकांच्या यादीत साड्या पहिल्या असतात, हे सांगायला नको. मांडू पावसाळ्यात जास्त खुलतं, पण लग्नं तेव्हा नसतात.

याच भागात एक ओळ कचऱ्याची. इंदूरकर याबद्दल हळवे आहेत: ओला, सुका वेगळा, रस्त्यावर रॅपर नाही. पाहुण्याने गाडीच्या काचेतून कागद टाकला तर एखादा रिक्षावाला "ओ भिया" म्हणून थांबवेल.

"आमची गोष्ट" असा भाग असतो ना? कसे भेटलो वगैरे?

हवा असेल तर पाच ओळी. आजोबा हेच पान वाचणार आहेत, एवढं लक्षात ठेवून लिहा.

फोटो कसे गोळा करायचे?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो लहान होऊन येतात, छापायला उपयोगी पडत नाहीत. गूगल फोटोजमध्ये एक सामायिक अल्बम करून त्याची लिंक पानावर द्या. गूगल फॉर्ममधून फोटो मागवायच्या फंदात पडू नका, त्यात फाइल चढवायला लॉगिन लागतं आणि मावशा तिथेच सोडून देतात. मोफत खात्यात ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीच जागा असते, म्हणून अल्बमसाठी नवं खातं उघडलेलं बरं. व्हिडिओ वेगळे ठेवा.

लग्न झाल्यावर वेबसाइटचं काय करायचं?

आठवड्याभरात फॉर्म बंद करा, फोन नंबर आणि कार्यक्रमांची पानं काढा, आभाराच्या दोन ओळी आणि अल्बमची लिंक तेवढी ठेवा. विसरलेल्या वस्तूंची यादीही तिथेच टाकता येते. चष्मे, शाली आणि चार्जर हमखास उरतात. फॉर्ममध्ये आलेली पाहुण्यांची माहिती डाउनलोड करून आईकडे द्या, आहेराच्या वहीशेजारी ठेवायला, आणि ऑनलाइन प्रत पुसून टाका. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेतला असेल तर तो किती वर्षांचा आहे ते बघून ठेवा. मुदत संपली की तो दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि लोकांच्या कपाटातल्या पत्रिकांवरचा तुमचा क्यूआर कोड त्याच्या पानावर जाऊन उघडेल.